'डॉस'च्या आधीचा माणूस

संगणकाच्या दुनियेतील काही आख्यायिका वारंवार सांगितल्या गेल्यामुळेच खऱ्या वाटू लागतात. गॅरी किल्डॉल यांच्याविषयीची आख्यायिका त्यांपैकीच एक. १९८० मध्ये आयबीएमची माणसे आपल्या नव्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी ऑपरेटिंग सिस्टीम मागायला किल्डॉल यांच्या दारी आली, तेव्हा हे गृहस्थ स्वतःचे विमान घेऊन आकाशात भराऱ्या मारत होते. पाहुणे ताटकळले, कंटाळून निघून गेले आणि बिल गेट्स यांचे नशीब उघडले, अशी ती गोष्ट. दारी आलेली लक्ष्मी परतवणारा लहरी माणूस, एवढीच किल्डॉल यांची ओळख त्यामुळे कित्येक वर्षे उरली. प्रत्यक्षात हा माणूस लहरी नव्हता, आणि गोष्ट इतकी सोपीही नव्हती.

गॅरी आर्लेन किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिएटल येथे झाला. त्यांचे कुटुंब तिथे नौकानयनाचे शिक्षण देणारी शाळा चालवीत असे. वडील जहाजाचे कप्तान, वंशाने नॉर्वेजियन. शिकवण्याचा पेशा असा घरातच होता. गणिताचे शिक्षक व्हावे या हेतूने गॅरी वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाले आणि तिथे त्यांना संगणकाने गाठले. पदवीनंतर सक्तीच्या लष्करी सेवेचा प्रश्न उभा राहिला. ती सेवा त्यांनी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत अध्यापन करून पुरी केली. १९७२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढच्याच वर्षी कंपायलरच्या शास्त्रात त्यांनी मांडलेली माहितीप्रवाहाच्या विश्लेषणाची पद्धत आजही त्यांच्या नावाने अभ्यासली जाते. म्हणजे एकही ऑपरेटिंग सिस्टीम त्यांनी लिहिली नसती, तरी संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव राहिलेच असते.

मॉन्टेरेपासून इंटेल कंपनी फार दूर नव्हती. १९७१ मध्ये इंटेलने ४००४ ही चिप बाजारात आणली, तेव्हा किल्डॉल यांनी ती विकत घेऊन तिच्याशी खेळायला सुरुवात केली. इंटेलच्या दृष्टीने ही चिप म्हणजे कॅल्क्युलेटर किंवा अन्य यंत्रे चालवण्याचा एक सुटा भाग होता. त्यात संपूर्ण संगणक दडलेला आहे, हे ज्या मोजक्या लोकांना दिसले त्यांत हा तरुण प्राध्यापक होता. सुटीच्या दिवशी तो इंटेलमध्ये सल्लागार म्हणून काम करू लागला. तिथे १९७३ मध्ये त्याने मायक्रोप्रोसेसरसाठी 'पीएल/एम' ही भाषा तयार केली.

अडचण होती ती साठवणुकीची. त्या काळी छोट्या संगणकात आज्ञावली भरायची ती छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून, आणि त्यात वेळ व संयम दोन्ही खर्ची पडत. आठ इंची फ्लॉपी डिस्क नुकतीच आली होती. किल्डॉल यांनी एक जुना ड्राइव्ह मिळवला. पण तो चिपशी जोडणारे सर्किट त्यांना साधेना. अखेर विद्यापीठातील मित्र जॉन टोरोड यांनी ते बनवून दिले आणि १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या लहानशा गावात ती जोडणी चालू झाली. तिच्यासाठी किल्डॉल यांनी लिहिलेली आज्ञावली म्हणजेच 'सीपी/एम'. ड्राइव्हला ए, बी अशी अक्षरे, फाइलच्या नावाला आठ अक्षरे आणि पुढे टिंब देऊन तीन, पडद्यावर लुकलुकणारे 'ए' आणि त्यापुढचे टोकदार चिन्ह: ही वैशिष्ट्ये छोट्या संगणकांवर सीपी/एममुळे रूढ झाली. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत संगणकाचे वर्ग निघाले, तेव्हा डॉस, वर्डस्टार आणि डीबेस यांचे धडे गिरवणाऱ्या पिढीने हेच संकेत पाठ केले होते. वर्डस्टार आणि डीबेस यांचा जन्मही सीपी/एमवरच झाला होता. आजच्या विंडोजमध्ये 'सी' ड्राइव्ह दिसतो, तो त्याच वंशावळीतला.

इंटेलला या प्रणालीत रस वाटला नाही. तेव्हा किल्डॉल आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी 'इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च' या काहीशा मिश्कील नावाची कंपनी काढली. पुढे त्यातील 'इंटरगॅलॅक्टिक' गळून पडले. छंद म्हणून संगणक जुळवणाऱ्यांच्या मासिकांत जाहिराती देऊन सत्तर-पंचाहत्तर डॉलरला एक प्रत, अशी विक्री सुरू झाली. व्यवहार डोरोथी पाहत, आज्ञावली गॅरी लिहीत.

किल्डॉल यांचे सर्वांत मोठे काम यानंतरचे आहे, आणि आख्यायिका सांगणारे नेमके तेच गाळतात. 'इम्साय' या संगणकनिर्मात्या कंपनीला सीपी/एम हवी होती. पण तिचे ड्राइव्ह वेगळे, जोडण्या वेगळ्या. प्रत्येक यंत्रासाठी सगळी प्रणाली पुन्हा लिहीत बसण्यापेक्षा यंत्राशी बोलणारा भाग तेवढा वेगळा काढावा आणि उरलेला सर्वत्र तोच ठेवावा, असे किल्डॉल यांनी ठरवले. त्या वेगळ्या काढलेल्या भागाला त्यांनी 'बायॉस' हे नाव दिले. एखाद्या कारखानदाराने नवा संगणक बनवला, की त्याने फक्त हा छोटा भाग लिहायचा. वरचे सारे जसेच्या तसे चालणार. याचा परिणाम दूरगामी होता. तोवर सॉफ्टवेअर हे यंत्राच्या खुंटीला बांधलेले असे. आता लेखन करणारा एकीकडे, यंत्र बनवणारा दुसरीकडे आणि विकत घेणारा तिसरीकडे असला तरी चालू लागले. सॉफ्टवेअरचा स्वतंत्र बाजार उभा राहिला तो या विभागणीवर. १९८१ पर्यंत सुमारे तीन हजार निरनिराळ्या प्रकारच्या संगणकांवर सीपी/एम चालत होती आणि कंपनीची वार्षिक उलाढाल चौपन्न लाख डॉलरवर गेली होती. अॅपल-२ या संगणकावर सीपी/एम चालावी म्हणून १९८० मध्ये एक जोडकार्ड निघाले आणि ते चांगलेच खपले. ते विकणारी कंपनी होती मायक्रोसॉफ्ट! गेट्स यांची कंपनी त्या वेळी किल्डॉल यांची गिऱ्हाईक होती.

त्यामुळेच १९८० मध्ये आयबीएमची माणसे ऑपरेटिंग सिस्टीमच्या शोधात मायक्रोसॉफ्टकडे गेली, तेव्हा गेट्स यांनीच त्यांना पॅसिफिक ग्रोव्हचा पत्ता दिला. त्या दिवशी किल्डॉल विमान घेऊन गेले होते हे खरे. मात्र ते सहलीसाठी नव्हे, तर एका गिऱ्हाइकाला कागदपत्रे पोहोचवण्यासाठी. व्यवहाराची बोलणी तशीही डोरोथीच करीत. आयबीएमने पहिल्याच बैठकीत गुप्ततेचा करार पुढे केला. त्यातील अटी एकतर्फी होत्या. वकिलांशी बोलून डोरोथी यांनी सही करण्यास आढेवेढे घेतले. गॅरी दुपारी परतले. त्यानंतर काय झाले याविषयी दोन्ही बाजूंच्या हकिकती जुळत नाहीत. खरा तिढा पैशाचा होता, एवढे मात्र दिसते. आयबीएमला एकदाच ठोक रक्कम देऊन मोकळे व्हायचे होते. किल्डॉल यांना नेहमीप्रमाणे प्रत्येक प्रतीमागे मानधन हवे होते. शिवाय आयबीएमच्या नव्या चिपसाठीची 'सीपी/एम-८६' अजून तयार नव्हती. या उशिराची जबाबदारी मात्र किल्डॉल यांच्यावरच येते.

सीपी/एम-८६ येईना म्हणून सिएटलमधील 'सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स' या छोट्या कंपनीतील टिम पॅटरसन यांनी त्या चिपसाठी स्वतःच एक प्रणाली लिहिली होती. सीपी/एमच्या आज्ञावल्या तिच्यावर सहज आणता याव्यात, यासाठी अंतर्गत हाकांची रचना त्यांनी सीपी/एमसारखीच ठेवली होती. मायक्रोसॉफ्टने आधी तिचा परवाना घेतला आणि जुलै १९८१ मध्ये पन्नास हजार डॉलर देऊन ती पूर्ण विकत घेतली. आयबीएमला तिचा परवाना देताना इतर कंपन्यांना ती विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखला. सगळा खेळ पुढे त्या एका कलमाने फिरवला.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा संगणक आला. त्यातील 'पीसी डॉस' पाहून किल्डॉल यांना आपल्याच घरातील भांडी दुसऱ्याच्या मांडणीवर दिसावीत तसे झाले. पण सॉफ्टवेअरवरील हक्काचा कायदा त्या वेळी इतका कच्चा होता, की दावा टिकेल याची खात्री वकील देईनात. किल्डॉल यांनी आयबीएमशी तडजोड केली. आयबीएमने आपल्या संगणकासोबत सीपी/एम-८६ हीदेखील विकायची, निवड गिऱ्हाइकाने करायची, आणि किल्डॉल यांनी कोर्टात जायचे नाही. दुकानात दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी आल्या तेव्हा पीसी डॉसची किंमत होती चाळीस डॉलर आणि सीपी/एम-८६ ची दोनशे चाळीस. शिवाय ती आली काही महिने उशिरा, १९८२ मध्ये. निकाल त्या किमतीच्या चिठ्ठीवरच लिहिलेला होता.

गुणांच्या बाबतीत त्या दोहोंत सरस कोण, हा प्रश्न तरीही उरतो. किल्डॉल यांचे चाहते सीपी/एमच्या बाजूने कौल देतात; पण पॅटरसन यांची प्रणाली ही निव्वळ नक्कल होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. सीपी/एम फाइलची लांबी १२८ बाइटच्या पटीतच नोंदवी; डॉसमध्ये ती नेमक्या बाइटपर्यंत कळे. सीपी/एममध्ये फाइलची प्रत काढताना आधी नव्या फाइलचे नाव आणि मग मूळ फाइलचे, अशी उलटी आज्ञा द्यावी लागे. नवशिक्याचा हमखास गोंधळ उडे. मधेच फ्लॉपी बदलली आणि ठरावीक कळा दाबून तशी कल्पना सीपी/एमला दिली नाही, तर ती लिहिण्यास नकार देऊन कामच बंद करी. तासभर टंकलेला मजकूर डोळ्यांदेखत जाई. डॉस निदान विचारत असे, की काम सोडून द्यायचे, पुन्हा प्रयत्न करायचा की दुर्लक्ष करायचे. दुसरीकडे सीपी/एमची जमेची बाजू होती ती तिच्याभोवती जमलेल्या आज्ञावल्यांची आणि वर्षानुवर्षांच्या वापराची. पण ही पुंजी मुख्यतः जुन्या आठ बिटी चिपवरची. नव्या चिपवर दोघांनाही जवळपास शून्यापासून सुरुवात करायची होती, आणि कार्यालयातील गिऱ्हाइकासाठी आयबीएमचे नाव हाच मोठा आधार होता. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी आधी डॉससाठी लिहायला घेतले. ते डॉससाठी लिहितात म्हणून लोक डॉस घेऊ लागले.

किल्डॉल यांची नजर एव्हाना पुढे गेली होती. एकाच संगणकावर एकाच वेळी अनेक कामे चालवणारी 'कन्करंट सीपी/एम' त्यांच्या कंपनीने १९८२-८३ च्या सुमारास आणली. एका पडद्यावर पत्र लिहीत असता दुसऱ्यावर छपाई चालू, ही सोय डॉसच्या गिऱ्हाइकाला तेव्हा स्वप्नवत होती. या घराण्यातील एक प्रणाली आयबीएमनेच पुढे आपल्या दुकानांसाठीच्या यंत्रांत वापरली. दिवसभर गिऱ्हाइकांची रांग असलेल्या गल्ल्यावर यंत्र बंद पडून चालत नाही. तिथे आयबीएमला डिजिटल रिसर्चचाच भरवसा वाटला, यातला उपरोध कुणालाही जाणवावा. १९८५ मध्ये चित्रे आणि खिडक्यांवर चालणारे 'जेम' हे आवरण आले, विंडोजच्या पहिल्या आवृत्तीपेक्षा काही महिने आधी. ते मॅकिंटॉशसारखे दिसते म्हणून अॅपलने कायद्याचा बडगा उगारला. कंपनीने तडजोड केली आणि एकमेकींवर येणाऱ्या खिडक्या, कचऱ्याची टोपली अशा गोष्टी पीसीवरील जेममधून काढून टाकल्या. हातपाय बांधलेले ते जेम बाजारात फार धावू शकले नाही. अटारी एसटी या संगणकावरील जेमला मात्र ही बंधने नव्हती आणि तिथे ते अनेक वर्षे नांदले.

या काळात किल्डॉल धंद्यात रमले नाहीत, हेही नोंदवायला हवे. कंपनी वाढली तसतसे व्यवस्थापन त्यांना जाचू लागले. १९८३ पासून १९९० पर्यंत 'कॉम्प्युटर क्रॉनिकल्स' या अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमात स्ट्युअर्ट शिफे यांच्यासोबत सहसूत्रधार म्हणून ते दिसत. प्रतिस्पर्ध्यांच्या वस्तू हाताळताना त्यांच्या चेहऱ्यावर कुतूहलच असे. सीडी-रॉमवर सबंध ज्ञानकोश बसवण्याची कल्पनाही त्यांचीच. ग्रोलियरचा तो ज्ञानकोश १९८५ मध्ये त्यांच्या दुसऱ्या कंपनीने तयार केला. त्यांच्यातला शिक्षक कधी निवृत्त झाला नाही. स्पर्धकाला नामोहरम करण्याची ईर्षा मात्र त्यांच्यात कमीच होती, आणि ते ज्या धंद्यात होते तिथे ती फार लागते.

तरीही कंपनीने एक शेवटचा डाव टाकला. १९८८ मध्ये 'डीआर डॉस' आली. मायक्रोसॉफ्टच्या डॉसवर चालणारी कोणतीही आज्ञावली तिच्यावर चालावी, हे तिचे सूत्र. काळाचा महिमा असा, की ज्या प्रणालीचा साचा किल्डॉल यांनी घातला, तिच्या अनुकरणाचे अनुकरण आता त्यांच्याच कंपनीला करावे लागत होते. ही प्रणाली किल्डॉल यांनी स्वतः लिहिली नव्हती. ती कंपनीच्या इंग्लंडमधील केंद्रातील अभियंत्यांचे काम होते. पण घडण अस्सल होती. १९९० मधील पाचव्या आवृत्तीने प्रणालीचा बराचसा भाग वरच्या स्मृतीत हलवला आणि ६४० किलोबाइटपैकी सहाशेहून अधिक किलोबाइट आज्ञावलीसाठी मोकळे केले. फाइलला परवलीचा शब्द, पूर्ण पडद्याचा संपादक, आज्ञांविषयी जागच्या जागी मदत, असे बरेच काही तिच्यात होते. समोर मायक्रोसॉफ्टची चौथी आवृत्ती होती, जागा खाणारी आणि दोषांमुळे बदनाम झालेली. तोडीस तोड अशी एमएस-डॉसची पाचवी आवृत्ती येण्यास आणखी वर्ष लागले. १९९१ मध्ये डीआर डॉसच्या सहाव्या आवृत्तीत डिस्कवरील मजकूर दाबून जागा वाचवण्याची सोय आली. मायक्रोसॉफ्टकडे ती १९९३ मध्ये आली.

वैशिष्ट्यांच्या तुलनेत डीआर डॉस पुढे होती. पण मायक्रोसॉफ्टने संगणक बनवणाऱ्यांशी असे करार केले होते, की विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे तिचे शुल्क भरायचे, मग त्यात एमएस-डॉस घाला वा घालू नका. दुसऱ्याची प्रणाली घेणे म्हणजे दोनदा पैसे मोजणे झाले. आणखी एक हत्यार अधिक बारीक होते. डिसेंबर १९९१ मध्ये चाचणीसाठी दिलेल्या विंडोज ३.१ च्या प्रतीत सांकेतिक स्वरूपात लपवलेला एक तुकडा होता. खाली एमएस-डॉस नाही असे दिसले, की तो काहीतरी बिघडल्याची सूचना पडद्यावर झळकवी. प्रत्यक्षात काही बिघडलेले नसे. अंतिम आवृत्तीत हा तुकडा निष्क्रिय केला गेला. पण परीक्षकांच्या मनात शंका पेरली गेली होती. आपल्या प्रणालीवर उद्या विंडोज चालेल ना, एवढी एकच शंका कार्यालयातील खरेदीदाराला पुरेशी असते. हे प्रकरण न्यायालयात गेले ते १९९६ मध्ये, डीआर डॉस 'कॅल्डेरा' कंपनीच्या हाती आल्यावर. जानेवारी २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने पैसे देऊन ते मिटवले. रक्कम अठ्ठावीस कोटी डॉलर होती, हे बाहेर यायला आणखी नऊ वर्षे लागली.

१९९१ मध्ये नॉव्हेल कंपनीने डिजिटल रिसर्च विकत घेतली. किल्डॉल यांच्या हाती भरपूर पैसा आला. ते टेक्सासमधील ऑस्टिनजवळ राहायला गेले. विमाने, मोटारी, बोटी सारे होते. दोन विवाह मोडले होते. मद्यपान वाढले होते. १९९२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र शिक्षणाला पंचवीस वर्षे झाली, त्या समारंभाचे किल्डॉल यांना निमंत्रण आले, ते माजी विद्यार्थी म्हणून. मुख्य भाषणाचा मान गेट्स यांना होता, ज्यांचा त्या विद्यापीठाच्या पदवीशी संबंध नव्हता. हा घाव किल्डॉल यांना खोल लागला. त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. हस्तलिखिताच्या प्रती मित्रांना आणि आप्तांना दिल्या. पुस्तक मात्र त्यांच्या हयातीत निघाले नाही. त्यातील पहिला भाग कुटुंबीयांच्या संमतीने कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने खुला केला तो २०१६ मध्ये.

जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरे येथील एका उपाहारगृहात त्यांच्या डोक्याला इजा झाली. ती नेमकी कशी झाली, याचा निर्विवाद उलगडा कधीच झाला नाही. तीन दिवसांनी, ११ जुलै रोजी, त्यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न. त्यानंतर चारच दिवसांनी अमेरिकेच्या न्याय खात्याशी झालेल्या तडजोडीत मायक्रोसॉफ्टने यंत्रामागे शुल्क घेण्याची ती पद्धत सोडून देण्याचे मान्य केले. तोवर डीआर डॉसचा बाजार उठल्यात जमा होता.

पॅसिफिक ग्रोव्हमधील लाइटहाउस अॅव्हेन्यूवर डिजिटल रिसर्चचे जुने कार्यालय असलेले व्हिक्टोरियन धाटणीचे घर आहे. सीपी/एमच्या जन्माला चाळीस वर्षे झाली तेव्हा, एप्रिल २०१४ मध्ये, विद्युत अभियंत्यांच्या 'आयईईई' या संस्थेने त्याच्यासमोर स्मृतिफलक बसवला. त्याच वर्षी सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा मूळ मजकूर संगणक इतिहास संग्रहालयाने सर्वांना वाचण्यासाठी खुला केला.